इंग्रजी वाक्यात विशेषण येणार की क्रियाविशेषण, हे ठरवते कोण?

राजेंद्रनगरची शिकवणी

नमस्कार मंडळी. इंदूरच्या राजेंद्रनगर भागात मी सायंकाळी आठवी ते दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. यांतील बहुतेक मुले घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी आहेत. त्यामुळे त्यांचा शब्दसंग्रह बरा असतो आणि काळांची रूपेही बहुधा बरोबर येतात. मात्र विशेषण आणि क्रियाविशेषण यांपैकी कोणते कोठे घालावे, असा प्रश्न आला की हुशार मुलेही अडखळतात. परवा एका वहीत एकाच पानावर पुढील दोन वाक्ये मिळाली: 'शी सिंग्ज ब्यूटिफुल' आणि 'द पोहा स्मेल्स नाइसली'.

पहिली चूक सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती नियम ठाऊक नसल्यामुळे झालेली नसून नियम पाळल्यामुळे झालेली आहे. 'क्रियापदाविषयी अधिक माहिती सांगतो तो शब्द क्रियाविशेषण, आणि त्याच्या शेवटी ली लागतो' एवढेच मुलांनी पाठ केलेले असते. 'स्मेल्स' हे क्रियापद आहे, त्यानंतर शब्द आला आहे, मग ली लावायलाच हवा, असा त्या मुलाचा सरळ हिशेब होता.

यावर माझे म्हणणे असे की, मुलांना शब्दाच्या शेपटाकडे पाहायला शिकवण्याआधी क्रियापदाकडे पाहायला शिकवावे. पुढे येणारा शब्द कर्त्याचे वर्णन करणार की क्रियेची रीत सांगणार, हे इंग्रजीत क्रियापदाच्या स्वभावावर ठरते. आपल्याकडे तसे होत नाही. 'ती चांगली गाते', 'ती चांगले गाते' आणि 'ती गाणी चांगली म्हणते' ही तिन्ही वाक्ये मराठी कानाला खटकत नाहीत. पहिल्यात 'चांगली' हे रूप कर्त्याकडून आले, तिसऱ्यात ते कर्माकडून आले आणि दुसऱ्यात शब्द नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ बसला. हिंदीतही 'वह अच्छा गाती है' आणि 'वह रोटी अच्छी बनाती है' ही वाक्ये शेजारी शेजारी नांदतात. म्हणजे घरी काय आणि गल्लीत काय, गुण सांगणारा शब्द आपले रूप ठरवण्यासाठी नामाकडे पाहतो, ही सवय मुलांच्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजी विशेषणाला लिंगवचन नाही, त्यामुळे नामाकडे पाहून तेथे काहीच हाती लागत नाही.

वर्गात मी एक कसोटी वापरते. क्रियापदाच्या जागी 'इज' घालून पाहायचे आणि वाक्याचा मूळ आशय फारसा न बिघडता टिकला, तर पुढे विशेषण ठेवायचे. 'द पोहा स्मेल्स नाइस' याचे 'द पोहा इज नाइस' केले तर वास गेला, पण पोहे चांगले ही गोष्ट राहिली. 'शी सिंग्ज' याचे 'शी इज' केले तर गाणेच नाहीसे होते आणि मुलगी सुंदर आहे असे भलतेच विधान उरते. म्हणून तेथे 'ब्यूटिफुली'.

या कसोटीला उतरणाऱ्या क्रियापदांचे साधारण तीन गट पडतात. इंद्रियांना जाणवणे सांगणारी लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील आणि त्यांच्याबरोबर सीम. होणे किंवा बदलणे सांगणारी बिकम, गेट, टर्न, ग्रो, गो. आणि तसेच राहणे सांगणारी स्टे, रिमेन, कीप. तिसऱ्या गटाचे उदाहरण आमच्या गावातल्या मुलांना शोधावे लागत नाही: स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे पहिला क्रमांक आल्यामुळे 'इंदूर स्टेज क्लीन' हे वाक्य ती आपण होऊन तयार करतात, आणि 'क्लीनली' लिहिण्याचा मोहही कोणाला होत नाही.

आपण सर्व हा भाग कसा शिकवता किंवा कसा शिकलात, ते कृपया सविस्तर लिहावे.

रामबागेतील निवृत्त मास्तर

बाई, आपला रोख योग्य आहे. फक्त त्याचा विस्तार करावासा वाटतो, कारण क्रियापद केवळ विशेषण की क्रियाविशेषण एवढेच ठरवत नाही. आपल्यामागे एकंदर काय काय यायला हवे, त्याची पूर्ण मागणीच ते नोंदवते.

ही दृष्टी वर्गात आणण्याचे मोठे श्रेय ए. एस. हॉर्नबी यांना द्यावे लागेल. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी दोन सहकाऱ्यांसह केलेला शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डकडून निघाला. त्यात क्रियापदांचे २५ साचे दिलेले होते आणि प्रत्येक क्रियापदापुढे ते कोणत्या साच्यात चालते हे नोंदवलेले होते. त्यामागचे कारण अगदी व्यवहारातले होते: 'आय वॉन्ट यू टू कम' बरोबर आहे हे पाहून विद्यार्थी त्याच धर्तीवर 'आय सजेस्ट यू टू कम' म्हणतो आणि फसतो. अर्थ जवळचा असला म्हणजे साचाही तोच असेल, असे नाही.

पुढे १९८५ मध्ये रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या मोठ्या व्याकरणात हा पसारा सात मूळ साच्यांत बसवलेला दिसतो. कर्ता आणि क्रियापद एवढ्यावर पुरे होणारा, कर्म लागणारा, पूरक (म्हणजे कर्त्याचे वर्णन पुरे करणारा शब्द) लागणारा, क्रियाविशेषणात्मक भाग लागणारा, दोन कर्मे लागणारा, कर्म व त्याचे पूरक लागणारा, आणि कर्म व क्रियाविशेषणात्मक भाग लागणारा. आपल्या पोह्यांचे वाक्य यांपैकी तिसऱ्या साच्यातले आहे.

मला अधिक बोलायचे आहे ते चौथ्या आणि सातव्या साच्याविषयी, कारण आपल्या शाळांत क्रियाविशेषण म्हणजे 'असले तर असले, नसले तर नसले' असा शब्द, असे शिकवले जाते आणि ते खरे नाही. मराठीत 'त्याने पुस्तक ठेवले' हे वाक्य पूर्ण आहे. इंग्रजीत 'ही पुट द बुक' एवढ्यावर थांबता येत नाही. कोठे ठेवले ते सांगावेच लागते, मग ते 'देअर' या एका शब्दाने सांगा की 'ऑन द टेबल' या शब्दसमूहाने. 'ट्रीट' या क्रियापदाचा अर्थ जेव्हा वागवणे असा असतो, तेव्हा 'दे ट्रीटेड हिम' हे अधांतरी राहते. 'वेल', 'बॅडली' किंवा 'लाइक अ सन' असे काहीतरी हवेच. सर्वांत गमतीचे क्रियापद 'बिहेव्ह' होय. 'बिहेव्ह बॅडली' म्हणताना क्रियाविशेषण लागते, परंतु आई मुलाला नुसते 'बिहेव्ह!' म्हणते तेव्हा त्यात 'नीट' हा शब्द न उच्चारताही आलेला असतो. आपणही 'वागायला शीक' म्हणतो तेव्हा 'नीट' गृहीतच असते.

अनुवादाचा पाट्या-वरवंटा

मास्तर, सहावा साचा आपण एका ओळीत उरकलात. मी मराठीतून इंग्रजीत पाककृतींचे भाषांतर करण्याचे काम काही काळ केले आहे, आणि माझी रोजची अडचण नेमकी तेथेच होती.

'दार हिरवे रंगवले' आणि 'दार काळजीपूर्वक रंगवले' ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात हिरवेपणा रंगवण्याच्या रीतीत नाही, तो रंगवून झाल्यावर दाराला लाभलेला गुण आहे. म्हणून 'ही पेंटेड द डोअर ग्रीन'; येथे 'ग्रीनली' म्हटले तर हसे होईल. दुसऱ्यात काळजी दाराला नाही, रंगवणाऱ्याला आहे. म्हणून 'ही पेंटेड द डोअर केअरफुली'. दोन्ही ठिकाणी क्रियापद तेच, कर्म तेच, शब्दांचा क्रमही तोच, आणि तरी साचे दोन. बाईंची 'इज'ची कसोटी येथे कर्मावर लावता येते: रंगवून झाल्यावर 'द डोअर इज ग्रीन' हे खरे ठरते, 'द डोअर इज केअरफुल' याला काही अर्थ नाही.

हा फरक अर्थ कसा पालटतो, हे दाखवणारी माझी आवडती जोडी म्हणजे 'शी फाउंड द पेपर ईझी' आणि 'शी फाउंड द पेपर ईझिली'. पहिल्या वाक्यातील मुलीला प्रश्नपत्रिका सोपी गेली. दुसऱ्या वाक्यातील मुलीचा कोणता तरी कागद हरवला होता आणि तो तिला चटकन सापडला. एका ली या प्रत्ययाने 'फाउंड' या क्रियापदाचा अर्थ वाटण्यावरून सापडण्यावर नेला. त्यामुळे क्रियापद पुढचा शब्द ठरवते हे जितके खरे, तितकेच पुढच्या शब्दावरून क्रियापदाचा अर्थ कळतो हेही खरे आहे, अशी पुस्ती मी बाईंच्या विधानाला जोडेन.

आता स्वयंपाकघर. 'पोळी पातळ लाटा' यात पातळपणा पोळीचा आहे, तेव्हा 'रोल इट थिन'. 'कांदा बारीक चिरा' याचे मात्र 'चॉप द अनियन फाइन' आणि 'चॉप द अनियन फाइनली' असे दोन्ही प्रकार इंग्रजी पाककृतींत आढळतात, आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात चिरलेला कांदा डोळ्यांपुढे असतो, दुसऱ्यात सुरीचा हात. साहित्याच्या यादीत मात्र निवडीला वाव नाही. तेथे 'चॉप्ड' हेच कांद्याचे विशेषण झालेले असते आणि विशेषणाला विशेष करणारा शब्द क्रियाविशेषणच हवा, म्हणून 'फाइनली चॉप्ड अनियन'. मराठीत 'बारीक चिरलेला कांदा' आणि 'कांदा बारीक चिरा' यांत 'बारीक' हा शब्द जसाच्या तसा राहतो, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला तेथे थांबून विचार करावा लागतो हेच मुळात लक्षात येत नाही.

भंवरकुआँचा परीक्षार्थी

मी भंवरकुआँ भागात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. आपणा सर्वांचे लिखाण वाचून फायदा होतो आहे, परंतु क्लासमध्ये आम्हाला हे असे कोणी सांगत नाही. तेथे 'चुका ओळखा' या प्रश्नांसाठी याद्या पाठ करून घेतात. माझ्या काही शंका आहेत.

पहिली शंका: 'हार्ड' आणि 'हार्डली', 'लेट' आणि 'लेटली' यांत ली लावल्यावर अर्थच का बदलतो? दुसरी: रस्त्यावर 'गो स्लो' अशी पाटी असते, तेथे 'स्लोली' का नाही? पाटीवाल्याची चूक समजायची का? तिसरी: 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' यांना ली आहे, तरी ती विशेषणे कशी?

रामबागेतील निवृत्त मास्तर

तिन्ही शंकांचे मूळ एकाच ठिकाणी आहे आणि ते इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ए' हा स्वर जोडून क्रियाविशेषण करण्याची रीत होती. कालांतराने शब्दान्तीचे असे दुबळे स्वर उच्चारातून गळाले, आणि गळाल्यावर विशेषण व क्रियाविशेषण यांचे रूप एकच होऊन बसले. 'हार्ड', 'फास्ट' ही त्याच घराण्यातली. 'ली' हा प्रत्ययही मुळात विशेषण करणाऱ्या प्रत्ययाला तोच स्वर जोडून बनलेला होता. स्वर गेल्यावर विशेषणाचा ली आणि क्रियाविशेषणाचा ली असे दोन्ही सारखेच दिसू लागले. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली', 'कॉवर्डली' हे विशेषणाच्या ली चे वारस होत, आणि त्यांतील बहुतेक नामापासून झालेले आहेत हे ध्यानात ठेवले तर ओळखणे सोपे जाते: फ्रेंड, लव्ह, कॉस्ट, कॉवर्ड ही सगळी नामे. त्यांचे क्रियाविशेषण करायचे झाल्यास 'इन अ फ्रेंडली वे' असा वळसा घ्यावा.

'ही वर्क्ड हार्ड' म्हणजे त्याने कसून काम केले, आणि 'ही हार्डली वर्क्ड' म्हणजे त्याने जवळपास काहीच केले नाही. दोन रूपे शिल्लक राहिली तेव्हा भाषेने त्यांना दोन कामे वाटून दिली, असे झाले आहे. 'लेट' म्हणजे उशिरा आणि 'लेटली' म्हणजे अलीकडे, हेही तसेच.

पाटीवाल्याची चूक मुळीच नाही. 'गो स्लो', 'ड्राइव्ह स्लो', 'होल्ड टाइट' ही जुनी, रुळलेली रूपे आहेत. परीक्षेत मात्र 'स्लोली' लिहावे, कारण उत्तरपत्रिका तपासणारा आणि रस्त्यावर पाटी लावणारा या दोघांची अपेक्षा वेगळी असते.

हिंजवडीहून परतलेली

मी आता इंदूरमधूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम करते आणि दिवसभर इंग्रजीत इमेल लिहिणे हा माझा निम्मा व्यवसाय झालेला आहे. वरील चर्चा 'कोणता शब्द' याविषयी आहे. मला 'कोणत्या जागी' याविषयी लिहायचे आहे.

मराठीत 'त्याने पत्र काळजीपूर्वक वाचले' असे आपण म्हणतो, म्हणजे क्रियाविशेषण कर्म आणि क्रियापद यांच्या मधल्या जागेत ऐटीत बसते. इंग्रजीत नेमकी तीच जागा वर्ज्य आहे. 'ही रेड केअरफुली द लेटर' हे अडखळते. 'ही रेड द लेटर केअरफुली' म्हणावे किंवा क्रियापदाच्या आधी 'ही केअरफुली रेड द लेटर' असे म्हणावे, पण क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्या मध्ये कोणाला शिरू देऊ नये. 'आय लाइक व्हेरी मच पोहा' ही चूक याच जातीची. सवलत एकच आहे: कर्म लांबलचक असेल, 'मागच्या महिन्यात ग्राहकाकडून आलेली आणि अद्याप उत्तर न दिलेली सर्व पत्रे' अशा थाटाचे असेल, तर क्रियाविशेषणाला त्याच्या पलीकडे ढकलण्याऐवजी अलीकडे घेतलेले चालते, नाहीतर वाचणारा तेथे पोहोचेपर्यंत ते कोणाचे हेच विसरतो.

'ऑलवेज', 'यूज्वली', 'ऑफन', 'नेव्हर' या वारंवारता सांगणाऱ्या शब्दांची जागाही क्रियापदच ठरवते. मुख्य क्रियापद साधे असेल तर त्याच्या आधी: 'शी ऑलवेज कम्स लेट'. 'बी'चे रूप असेल तर त्यानंतर: 'शी इज ऑलवेज लेट'. साहाय्यक क्रियापदे असतील तर पहिल्याच्या लगेच मागे: 'शी हॅज ऑलवेज कम लेट'. मास्तर, या तीन वाक्यांतील 'लेट' मात्र पाहा. मधल्या वाक्यात ते विशेषण आहे आणि बाजूच्या दोन वाक्यांत क्रियाविशेषण, आणि रूप तिन्हीकडे एकच.

'नेव्हर' वाक्याच्या आरंभी आणले तर साहाय्यक क्रियापदाला कर्त्याच्या पुढे उडी मारावी लागते: 'नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड'. 'सेल्डम' आणि 'हार्डली' यांच्याबाबतही असेच होते. रंगपंचमीच्या गेरीतली, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतली, राजवाड्यासमोरची गर्दी पाहिलेल्या माणसाला हे वाक्य शोभेल, परंतु कार्यालयीन इमेलमध्ये ते नाटकी वाटते.

राजेंद्रनगरची शिकवणी

फारच उपयुक्त माहिती मिळते आहे. वर्गात आज एका मुलीने विचारलेला प्रश्न येथे मांडते, कारण त्यातून 'खूप' या शब्दाचा मोठाच गुंता पुढे आला. तिचे वाक्य होते, 'आय व्हेरी लाइक द जलेबी'.

'चहा खूप गरम आहे', 'तो खूप हळू चालतो', 'मला जलेबी खूप आवडते' आणि 'सराफ्यात खूप माणसे होती' या चारही वाक्यांत आपले 'खूप' कोठेही सहज खपते, कारण ते विशेषणाला, क्रियाविशेषणाला, क्रियापदाला आणि नामाला सारखेच चिकटते. इंग्रजीत 'व्हेरी' विशेषणाला आणि क्रियाविशेषणाला चालते: 'व्हेरी हॉट', 'व्हेरी स्लोली'. क्रियापदाला ते एकटे लावता येत नाही. तेथे 'व्हेरी मच' किंवा 'अ लॉट' वाक्याच्या शेवटी जाते. नामाला 'मेनी' किंवा 'अ लॉट ऑफ' लागते. फळ्यावर मी 'खूप' मध्ये लिहिले आणि चार दिशांना चार बाण काढले. त्यानंतर त्या मुलीने आपले वाक्य आपणच दुरुस्त केले.

'टू' (too) हा तर आपल्याकडे स्तुतीचा शब्द होऊन बसला आहे. 'द फूड वॉज टू गुड' म्हणताना आपल्याला 'फारच छान' म्हणायचे असते. 'टू'ची मूळ प्रकृती मात्र मर्यादा ओलांडल्याची तक्रार करण्याची आहे, आणि म्हणूनच त्याला पुढे दुसरा 'टू' (to) व क्रियापद जोडता येते: 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक', म्हणजे चहा पिता येणार नाही इतका गरम आहे. 'इनफ'ची तऱ्हा याहून निराळी. विशेषणाला विशेष करणारे बाकीचे शब्द त्याच्या आधी येतात, हा एकटा नंतर येतो. 'टॉल इनफ', 'फास्ट इनफ', पण नाम असेल तर पुन्हा आधी: 'इनफ मिल्क'.

अनुवादाचा पाट्या-वरवंटा

विशेषण आणि क्रियापद यांची आणखी एक गाठ राहून गेली आहे. 'मला रविवारी येणे कठीण आहे' याचे इंग्रजी आपली मंडळी सर्रास 'आय ॲम डिफिकल्ट टू कम ऑन संडे' असे करतात. यात 'डिफिकल्ट' हा गुण माणसाला चिकटतो. खरे तर कठीण आहे ते येणे, मी नव्हे. म्हणून 'इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम ऑन संडे'.

'ईझी टू प्लीज' आणि 'ईगर टू प्लीज' ही भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी प्रसिद्ध केलेली जोडी येथे आठवते. 'ही इज ईझी टू प्लीज' म्हणजे त्याला खूश करणे सोपे आहे. खूश करणारा दुसरा कोणी. 'ही इज ईगर टू प्लीज' म्हणजे तो स्वतः दुसऱ्याला खूश करायला उत्सुक आहे. वरून पाहता दोन्ही वाक्यांची ठेवण हुबेहूब सारखी दिसते आणि तरीही क्रिया करणारा बदलतो. बाई म्हणतात त्याप्रमाणे क्रियापद पुढच्या शब्दाचा निवाडा करते. परंतु येथे विशेषणच क्रियापदाचा कर्ता कोण, याचा निवाडा करून बसले आहे. मराठीत हा घोळ होत नाही, कारण 'त्याला' आणि 'तो' ही रूपेच सांगून टाकतात.

भंवरकुआँचा परीक्षार्थी

मग 'ही केम होम टायर्ड' हे वाक्य बरोबर की चूक? 'केम' हे काही 'इज'सारखे क्रियापद नव्हे. बाईंच्या नियमाने येथे क्रियाविशेषण यायला हवे होते. एका सराव परीक्षेत मी याच वाक्याला चूक म्हटले आणि उत्तरसूचीत ते बरोबर दिलेले होते.

रामबागेतील निवृत्त मास्तर

वाक्य बरोबर आहे, आणि बाईंच्या नियमाला ते नीट कळलेच पाहिजे असा अपवाद आहे. 'ही केम होम' हे वाक्य तेथेच पूर्ण होते; 'टायर्ड' हा शब्द, घरी आला त्या वेळी तो कोणत्या अवस्थेत होता, एवढे वर सांगतो. 'ही डाइड यंग', 'शी मॅरीड यंग' ही याच प्रकारची वाक्ये. मृत्यू तरुण रीतीने आला असा अर्थ नाही. गेला तेव्हा तो तरुण होता. हिंदीत 'वह थका हुआ आया' आणि 'वह थकी हुई आयी' असे रूप कर्त्याप्रमाणे बदलते, त्यामुळे हिंदी बोलणाऱ्या मुलांना हा साचा दाखवला की पटकन कळतो. मराठीत आपण 'तो दमून घरी आला' किंवा 'तो तरुणपणी गेला' असे वेगळ्याच वाटेने जातो.

काही क्रियापदांना ठरावीक विशेषणांशीच संसार करायला आवडतो, ही जोडपी मात्र पाठच करावीत. दूध 'गोज बॅड', माणूस 'गोज ब्लाइंड' किंवा 'गोज मॅड', म्हणजे 'गो' बहुधा वाईटाकडे नेते; स्वप्न 'कम्स ट्रू' आणि खिळा 'कम्स लूज'; आजारी पडणे ते 'फॉल इल' आणि झोप लागणे ते 'फॉल अस्लीप'. यांतले 'अस्लीप' आणि त्याच्या कुळातील 'अफ्रेड', 'अलाइव्ह', 'अवेक' हे शब्द क्रियापदानंतरच शोभतात. झोपलेले मूल 'अस्लीप चाइल्ड' होत नाही, 'स्लीपिंग चाइल्ड' होते.

राजेंद्रनगरची शिकवणी

मास्तर, अपवाद मान्य. मुलांना मी तो नियमानंतर लगेच न सांगता, दुहेरी स्वभावाची क्रियापदे पक्की झाल्यावर सांगेन. त्यासाठी मी जोड्यांचा सराव घेते, तो येथे देते.

'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम' म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिले. पहिल्यात ती पाहिली जाते, दुसऱ्यात ती पाहते. 'द डाळ टेस्टेड सॉल्टी' म्हणजे डाळ खारट लागली. 'आई टेस्टेड द डाळ केअरफुली' म्हणजे आईने ती जपून चाखली. 'द मिल्क टर्न्ड सावर' आणि 'द बस टर्न्ड शार्पली'. 'ही ग्र्यू ओल्ड' आणि 'द प्लांट ग्र्यू क्विकली'. मुलांना मी वाक्य पूर्ण करायला सांगत नाही. प्रत्येक जोडीतले क्रियापद झाकून कंसात फक्त 'दिसणे की पाहणे', 'लागणे की चाखणे' एवढेच विचारते. मराठीत या अर्थांना दोन वेगवेगळी क्रियापदे आहेत, ही येथे आपल्या मुलांची जमेची बाजू ठरते. जेथे मराठीत दिसणे, लागणे, वाटणे, होणे असे उत्तर येते तेथे इंग्रजीत विशेषण, आणि जेथे पाहणे, चाखणे, वळणे असे उत्तर येते तेथे क्रियाविशेषण. 'ग्रो'ला मात्र हे पुरत नाही, तेथे 'इज'ची कसोटीच लावावी लागते.

हिंजवडीहून परतलेली

ही दिसणे-पाहण्याची युक्ती मला शाळेत कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. एक शेवटची विचारणा: 'आय फील बॅड' की 'आय फील बॅडली'? आमचे एक वरिष्ठ सहकारी प्रत्येक दिलगिरीच्या इमेलमध्ये 'बॅडली' लिहितात आणि तेच शुद्ध असल्याचे सांगतात.

रामबागेतील निवृत्त मास्तर

बाईंची युक्ती येथे लावून पाहावी. वाईट 'वाटणे' आहे की हाताने 'चाचपणे' आहे? वाटणे आहे, तेव्हा 'आय फील बॅड'. 'बॅडली' लिहिणारे इंग्रजी मातृभाषकांतही आहेत आणि ते बहुतेक वेळा आपल्या मुलाच्या 'स्मेल्स नाइसली'प्रमाणेच अतिशुद्धतेच्या नादात लिहिले जाते. 'आय फील वेल' पाहून गोंधळू नये. तेथील 'वेल' हे प्रकृती ठीक असल्याचे विशेषण आहे, 'शी सिंग्ज वेल' यातील क्रियाविशेषण नव्हे. वरिष्ठांना हे इमेलने न कळवता चहाच्या वेळी सांगितलेले बरे.